मटण कुठे गेलं?

पोर्ट हारकोर्ट
८ जानेवारी, बुधवार. उपासाचा तिसरा दिवस

आतिमताईस,

दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनवर तू मला चार वर्षं ब्लॉक करून ठेवलंयस, म्हणून हा कागद. कॅलाबारच्या बसच्या ड्रायव्हरकडे आईचा निळा डबा देतेय, पत्र त्यातच आहे. डबा तुझाच, आईच्या कार्यानंतर चुकून माझ्या सामानात आला होता. घासूनपुसून दिलाय, वास घेऊन बघत बसू नकोस.

आमच्या मंडळीत दर जानेवारीला एकवीस दिवसांचा उपास असतो. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा पोटात अन्न नाही. तिसऱ्या दिवशी प्रत्येकाने ज्याच्याशी वाकडं आहे त्याला पत्र लिहायचं आणि मन मोकळं करायचं, हा पास्टरबाईंचा नियम. मला लिहायची हौस नव्हती. पण उपासाची पुढारी मी, सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघतात. पुढारणीनेच टाळाटाळ केली तर कसं व्हायचं?

तर ताई, मी तुला क्षमा करते. आईच्या कार्यात भरल्या अंगणात, पाचही मावश्यांच्या देखत, तू माझ्याकडे बोट दाखवून म्हणालीस, "मटण कुठे गेलं ते हिला विचारा." सहा दिवस नुसत्या पाण्यावर असलेल्या बहिणीवर आळ! आईसाठी उपास धरला होता मी, साऱ्या गावाला माहीत होतं. मावश्यांनी तुलाच धारेवर धरलं यात माझा काय दोष? दोन बोकडांचं मटण तुझ्या ताब्यात, पहारा तुझा, खाणावळ तुझी. मावश्या म्हणाल्या, "सख्ख्या आईच्या मयताचं मटण हिने दुकानात नेऊन विकलं." मी असं म्हटलं नव्हतं. मी काहीच म्हटलं नव्हतं.

असो. झालं गेलं नदीला मिळालं.

एनो तेरा वर्षांची झाली. यंदा तिने आपणहून उपास धरलाय, माझ्या बरोबरीने, सहा ते सहा. मी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. जरा सुटलीच होती पोर, आता गाल बसलेत, छान दिसते. पास्टरबाईंनी तिला पुढे बोलावून सगळ्यांना म्हटलं, "खाण तशी माती." मला रडूच आलं.

एफिओम समुद्रातल्या तेलाच्या कामावर आहे, महिनाअखेरीला येईल. तुझं बरं असेल.

तुझी धाकटी,
इक्वो


१४ जानेवारी, मंगळवार. नववा दिवस

आतिमताई,

डबा मिळाला. माझंच पत्र परत आलं, आणि त्याच्या पाठीवर तुझी ती गिचमिड अक्षरं: "मटण कुठे गेलं ते लिही. क्षमा तुझ्याजवळच ठेव."

वा! चार वर्षांनी बहिणीला लिहायला एवढंच सुचलं? आणि डबा रिकामा! आपल्या घरातून कधी रिकामं भांडं परत गेलंय का? आईने निदान मूठभर भुईमूग तरी घातले असते. बरंच झालं म्हणा, उपास आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी एकदा दिलंय. गप्प राहणं हेसुद्धा उत्तरच असतं.

काल एनोच्या शाळेतून फोन आला. तिला घेरी आली होती. शाळेतल्या नर्स इबिसोबाई म्हणजे एक नमुना आहे, तोंडाचा पट्टा नुसता. मला समोर बसवून विचारते कशी, "घरी संध्याकाळी उपास सोडताना पोरगी किती खाते?" म्हटलं, भूक लागते, खाते. "किती?" म्हटलं, पोटभर. "पोट दुखेपर्यंत? मग रडते? मग दुसऱ्या दिवशी आणखी कडक उपास?" हे हिला कुणी सांगितलं? एनोनेच. मग मला म्हणाली, "बाई, तुम्हाला वाटतं खाणं हा रोग आणि उपास हे औषध. उलटं आहे हे. पोटाला उपाशी ठेवलं की ते संधी साधून सूड घेतं. तिला सकाळी खायला घाला. आदल्या दिवशी कितीही खाल्लं असलं, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी घालाच."

मी म्हटलं, प्रभूने चाळीस दिवस केला होता. त्यावर ती म्हणाली, "चाळिसाव्यानंतर एकेचाळिसावा त्यांनी लगेच धरला नाही." असल्या बाईला शाळेत ठेवतात तरी कसं!

घरी येऊन मी एनोला विचारलं, "उपास सोडतेस का?" ती म्हणाली, "तू सोडणार असशील तर सोडते, मम्मी." मी म्हटलं, मला कसा सोडता येईल? सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. "मग मलाही नाही सोडता येत," म्हणाली आणि गृहपाठाला बसली.

खाण्याचं तू मला काय सांगणार, ताई? विसरलीस? लग्नाआधी सहा आठवडे मला पोसायच्या खोलीत बसवलं होतं. अंगाला पांढरी माती, दिवसातून दोनदा तेलमालिश, काम काही नाही, आणि तुझ्या हातात तो वाडगा. "अजून एक घास गं, मावशी दंड चिमटून बघणार आहे." मी म्हणायचे, उलटी होईल. तू म्हणायचीस, "होऊ दे, मग परत खा. आपल्याकडची नवरी काडीसारखी गेली तर आईची नाचक्की." दाराला बाहेरून कडी घालून जायचीस. मी तुला दोष देत नाही. तूही बावीसचीच होतीस.

आणि इथे आले तर एफिओमच्या मित्रांच्या बायका वेगळ्याच. सडपातळ, चवळीच्या शेंगा. एफिओम चारचौघांत हसत म्हणाला, "सासूबाईंनी मला एकीवर एक फुकट दिली." सगळे हसले. मीही हसले. त्या सोमवारी मी पहिला उपास धरला. उपासाला कुणी नावं ठेवत नाही गं. उलट मान मिळतो. ताटावरून उठलं तर लोक म्हणतात काय झालं, आणि उपास म्हटलं की लोक पाया पडायचे बाकी राहतात.

एकवीस वर्षं झाली. सोमवार, बुधवार, शुक्रवार कायमचे. मंगळवारचं विचारू नकोस.

उपास सोडायच्या शेवटच्या रविवारच्या जेवणाचं सगळं माझ्याकडे आहे. चर्चच्या कोठीची एकच किल्ली, ती माझ्या गळ्यात. उपासकरी बाईच स्वयंपाकावर देखरेख करते, म्हणजे कुणी चाखत नाही, अशी आमच्याकडची पद्धत. माझ्यावर भरवसा आहे सगळ्यांचा.

यावेळी डब्यात थोडी सुकी मासळी घातलीय. रिकामा पाठवायची माझी रीत नाही.

इक्वो


२५ जानेवारी, शनिवार. विसावा दिवस

ताई,

तू काही लिहिलं नाहीस. मासळी ठेवून घेतलीस आणि डबाही. ठेव.

मी का लिहितेय मला कळत नाही. सांगायला दुसरं कुणी नाही म्हणून असेल. एफिओमच्या कामाच्या जागी फोन लागत नाही, आणि लागला तरी त्याला काय सांगू?

उद्याच्या जेवणासाठी बुधवारी चार बोकडांचं मटण तळून कोठीत ठेवलं होतं. काल पास्टरबाई बघायला आल्या, झाकण उघडलं, तर एक अख्खं पातेलं निम्मं झालेलं. बारा बायका उभ्या. पास्टरबाईंनी विचारलं, "मटण कुठे गेलं?"

अगदी हेच शब्द, ताई. तुझ्या पत्रातले.

 मग मागून एनो पुढे आली. शाळेतून थेट आली होती, दप्तर पाठीवर. म्हणाली, "मी खाल्लं. गुरुवारी मम्मीच्या गळ्यातली किल्ली घेतली होती."

काय सांगू मला काय झालं. एवढी गुणी पोर! बायका म्हणाल्या, सैतान नेहमी पुढारणीच्या घरातच शिरतो. पास्टरबाई मला जवळ घेऊन म्हणाल्या, "सिस्टर इक्वो, तुमची परीक्षा आहे ही." एनोला शिक्षा झाली. शनिवार, रविवार, सोमवार कोरडा उपास, पाणीसुद्धा नाही. उद्या सगळे जेवतील तेव्हा तिने सगळ्यांसमोर रिकाम्या ताटापुढे बसायचं.

मी हो म्हटलं. काय म्हणणार होते? मुलं अशीच सुधारतात. चोरी ती चोरी.

आज सकाळपासून ती खाटेवर पडून आहे. मी पाणी नेलं चोरून. घेत नाही. "नियम आहे ना, मम्मी," म्हणते. तिच्या गादीखाली मला बिस्किटांचे कागद सापडले, वीसेक तरी, नीट घड्या घालून ठेवलेले. मी पण अशाच घड्या घालते. हे मी का लिहिलं? खोडणार होते, राहू दे.

मघाशी तिने मला विचारलं, "मम्मी, एकदा सुरू झालं की तू कसं थांबवतेस?"

मी म्हटलं, काय सुरू झालं की? ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. आईच्या अंगणात तू बघितलं होतंस, तसंच.

मला इथून बाहेर कसं पडायचं ते कळत नाही, ताई. सगळी दारं मीच लावून घेतलीत आणि सगळ्यांवर शाबासकीच्या पाट्या टांगल्यात.

हे पत्र उद्या पाठवेन. कदाचित नाही पाठवणार.

इ.


२७ जानेवारी, सोमवार

ताई,

मटण मी खाल्लं.

आईच्या कार्याचं मटण मी खाल्लं. आईच्या खोलीत, कपाट आणि भिंतीच्या मधल्या फटीत उभी राहून, दार आतून लावून. सहा दिवस पाण्यावर होते हे खोटं नव्हतं, म्हणूनच खाल्लं. दोन्ही हातांनी. आईचं पांढरं लुगडं टांगलेलं होतं, त्याला हात पुसले. तू दार ठोठावत होतीस, "इक्वो, बरी आहेस ना?" आणि मी तोंडात घास कोंबलेला असतानाच म्हटलं, "प्रार्थना करतेय." तुला तेव्हाच कळलं होतं. नंतर अंगणात मावश्या तुला चोर म्हणाल्या, तेव्हा मी डोळे मिटून जप करत असल्यासारखे ओठ हलवत बसले. उरलेलं मटण त्या निळ्या डब्यात भरून मी पोर्ट हारकोर्टला आणलं. डबा चुकून आला नव्हता.

आणि गुरुवारचं मटणही मीच खाल्लं. दुपारी तीन वाजता, कोठीत. एनो शाळेतून मला बोलवायला आली होती, तिने फटीतून पाहिलं. म्हणून तिने स्वतःवर घेतलं. शनिवारचं पत्र सोबत देतेय, त्यात मी लिहिलं ते धडधडीत खोटं.

आता कालचं ऐक.

आमच्याकडे शेवटच्या रविवारी पहिली थाळी उपासाच्या पुढारणीला देतात. ती पहिला घास खाते, मग बाकीचे. दोनशे माणसं. पास्टरबाईंनी माझ्या हातात थाळी दिली. भात, तळलेली केळी, अफांगच्या पाल्याचा रस्सा, वर मटणाचे तीन तुकडे. समोर, पहिल्या रांगेत, रिकाम्या ताटापुढे एनो. ओठ फुटलेले. दोन दिवस पाणी नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि हाताने खूण केली. खा. रागाने नाही गं. मी पटकन खावं म्हणजे तिचं बसणं लवकर संपेल, अशी.

तुझा वाडगा आठवला. अजून एक घास गं.

मी माइक घेतला आणि म्हटलं, "मटण मी खाल्लं. पोरीने नाही."

तुला वाटेल, झालं, सुटले. कसली सुटतेय!  पास्टरबाई ओरडल्या, "हालेलुया! बघा, बघा आईचं काळीज! लेकराचं पाप स्वतःच्या डोक्यावर घेतेय!" आणि सगळी सभा टाळ्या वाजवायला लागली. बायका रडायला लागल्या. मी म्हणतेय, "अहो नाही, खरंच मी खाल्लं," आणि त्या म्हणतायत, "प्रभूनेही असंच केलं!" मागच्या रांगेतून कुणीतरी गाणं सुरू केलं. एक म्हातारी पुढे येऊन माझ्या पदराला डोळे पुसून गेली. जितकं कबूल करावं तितकी मी मोठी होत चालले. मला वाटलं, आता मी अशीच मरणार. आणि मयताला म्हणतील, काय उपास करायची बाई!

आणि एनो त्या गाण्यात मान खाली घालून बसलेली.

माझ्या खांद्याला बायबलची पिशवी होती, चेन असलेली. गुरुवारची हाडं मी चर्चच्या कचऱ्यात टाकू शकत नव्हते, कुणी बघितलं असतं. घरी टाकू शकत नव्हते, एनोने बघितलं असतं. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बायबलखाली कोंबली होती आणि चार दिवस घेऊन फिरत होते. रोज अत्तर मारत होते वरून. मी चेन उघडली आणि पिशवी पहिल्या थाळीवर उलटी केली.

बायबल पडलं, हाडं पडली, वास सुटला. गाणं थांबलं.

पास्टरबाई दोन पावलं मागे सरकल्या. म्हणाल्या, "सिस्टर इक्वो, हे काय?"

मी म्हटलं, "हे एकवीस वर्षांचं आहे, बाई. मी उपास करते आणि मग अशी खाते, आणि खाल्लं म्हणून पुन्हा उपास करते. तुम्ही उपासाला टाळ्या वाजवता, म्हणून तेवढाच तुम्हाला दिसतो." आणखीही बोलले असेन, आठवत नाही. किल्ली गळ्यातून काढून टेबलावर ठेवली. कुणाच्या तरी पेल्यातलं पाणी उचलून एनोच्या तोंडाला लावलं, आणि सगळ्यांसमोर ती घटाघटा प्यायली. कुणी अडवलं नाही. आम्ही निघालो तेव्हा म्हाताऱ्या बायका वाट देत होत्या, पण शिवू नये अशी.

आता यापुढचं मला लिहायचं नव्हतं. पण तू विचारशील, मग?

मग काय, घरी आले, एनोला पेज देऊन निजवलं, आणि स्वयंपाकघराचं दार लावून कसाव्याच्या रव्याची गारी, तीन पाव, साखरेचा डबा, जे हाताला लागेल ते खाल्लं. एवढं सगळं बोलून आल्यावर! भर दुपारी चार वाजता. हाडं दाखवली म्हणून हाव जात नाही, ताई. मला वाटलं होतं जाईल.

आज सकाळी उठले आणि डोक्यात पहिला विचार: आज काही खायचं नाही, आज कोरडा. सोमवार आहे. अंग आपोआप त्या रुळावर जातं. पोट तट्ट फुगलेलं, तोंड आंबलेलं, आणि शरम इतकी की उपास हाच एक साबण वाटतो.

स्वयंपाकघरात गेले तर एनो आधीच तिथे. कोपऱ्यावरच्या बाईकडून चवळीचे वडे आणलेले, मक्याची पेज केलेली, थोडी लागलेली होती खाली. दोन ताटल्या. प्रत्येकीत चार वडे. दार सताड उघडं.

मी म्हटलं, "तू खा. माझं पोट भरलंय कालचं."

"माझंही कालच्या पेजेने भरलंय," म्हणाली. चमचा हातात धरून बसून राहिली.

"एनो, खा बाळा. शाळेला उशीर होईल."

"तू खाल्लंस तर खाते."

"मला नाही जात गं."

"मलापण नाही जाणार मग." आणि पुढे म्हणाली, "नर्सबाई म्हणाल्या, दुसऱ्या दिवशीची सकाळ सगळ्यात अवघड. मला एकटीला जमत नाही, मम्मी. मी चार वेळा करून बघितलं."

चार वेळा! तेरा वर्षांची पोर चार वेळा एकटीच बाहेर पडायला गेली आणि दर वेळी मी दारात उपास करून उभी.

शेजारची अंगण झाडत होती, आत बघत होती. कालची बातमी तिच्यापर्यंत पोचलेली असणारच. मी उठून दार लावणार होते. नाही लावलं. एक वडा उचलला. घशाखाली उतरेना, पेजेच्या घोटाबरोबर उतरवला. एनोने तिचा पहिला उचलला. मग मी दुसरा, मग तिने. चारही खायला आम्हाला पाऊण तास लागला. शाळेची बस गेली. एकही जास्त खाल्ला नाही, एकही उरवला नाही.

उद्या काय होईल मला माहीत नाही. दुपारचं जेवण अजून व्हायचंय आणि मला आत्तापासून भीती वाटतेय.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर वर पहिल्याच ओळीत आहे. ते तुझ्यापुरतं ठेवू नकोस. पाचही मावश्यांना बोलाव, अंगणात बसव, त्याच अंगणात, आणि मोठ्याने वाच. कपाट, लुगडं, सगळं वाच. क्षमा केलीच पाहिजे असं नाही.

आणि ताई, एक सांग. त्या सहा आठवड्यांत, मी झोपल्यावर वाडग्यातलं उरलेलं तू कुठे टाकायचीस? वाडगा नेहमी रिकामा असायचा. मी आज पहिल्यांदा विचार केला. तूही माझ्यासारखी दाराआड असशील तर लिही. नसलीस तरी सकाळी सात वाजता जेवायला बस. आम्ही दोघी त्या वेळी बसलेल्या असू, दार उघडं ठेवून.

इक्वो